खांबांच्या साच्यावर ओतलेली सच्छिद्र पटले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पीडीएमएस या सिलिकॉन रबराच्या, काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या आणि आरपार छिद्रे असलेल्या पटलांबद्दल आहे. मायक्रोफ्लुइडिक्स (अगदी बारीक वाहिन्यांतून द्रव खेळवण्याचे तंत्र) किंवा पेशींवरच्या कामाला नुकतीच सुरुवात केलेले विद्यार्थी मला जे विचारतात, त्याच क्रमाने प्रश्न ठेवले आहेत. ज्या पायरीवर पटले खरोखर फसतात तिथे मी सविस्तर लिहिले आहे, बाकी ठिकाणी थोडक्यात.

साच्यातून छिद्र तयार होते म्हणजे नेमके काय होते?

मेदूवडा थापताना मधोमध बोट घालतो, बोटाच्या जागी भोक राहते. इथेही तेच. साच्यावर छिद्रे नसतात, खांब असतात. खांबांच्या भोवती पातळ पॉलिमर पसरायचे, ते घट्ट झाले की सोलून काढायचे. जिथे खांब होता तिथे छिद्र, आणि खांबाचा व्यास तोच छिद्राचा व्यास. बोट पिठातून पलीकडे निघाले नाही तर मात्र भोक न पडता नुसता खळगा पडतो. या पानावरचे काही प्रश्न त्या खळग्याचेच आहेत.

सच्छिद्र पटले बाजारात तयार मिळतात. मग एवढा खटाटोप कशाला?

तयार मिळतात ती बहुतेक ट्रॅक-एच्ड पटले. पॉलिकार्बोनेट किंवा पॉलिएस्टरच्या फिल्मवर जड आयनांचा मारा करतात आणि आयन जिथून गेले ती वाट अल्कलीने कोरून मोठी करतात. छिद्रांचा आकार चांगला एकसारखा येतो, पण आयन कुठे पडेल हे कोणाच्याच हातात नसते. पावसाचे पहिले थेंब अंगणात पडावेत तशी ती छिद्रे विखुरलेली असतात, काही एकमेकांना चिकटलेली. गणित करून पाहा. छिद्रे पूर्णपणे यादृच्छिक पडली आणि त्यांनी एकूण १० टक्के क्षेत्र व्यापले, तर सुमारे एक तृतीयांश छिद्रे दुसऱ्या एखाद्या छिद्राला भिडलेली निघतात. दोन छिद्रे जुळली की ८ मायक्रॉनच्या गाळणीतून १२ मायक्रॉनची पेशीही निसटू शकते.

साच्यावर मात्र जागा आपण ठरवतो. १० मायक्रॉनचे खांब षटकोनी रचनेत २० मायक्रॉन अंतरावर ठेवले, तर एका चौरस सेंटीमीटरमध्ये सुमारे २ लाख ८९ हजार छिद्रे बसतात आणि २२.७ टक्के क्षेत्र उघडे राहते. एकही छिद्र शेजाऱ्याला शिवत नाही. शिवाय पीडीएमएस ताणले जाते आणि काचेसारखे पारदर्शक असते. हे दोन गुण पॉलिकार्बोनेटच्या तयार पटलात एकत्र मिळत नाहीत.

याचा सर्वांत चांगला उपयोग कोणता झाला?

माझ्या मते फुप्फुसाची चिप. हार्वर्डच्या वीस (Wyss) इन्स्टिट्यूटमध्ये डोंगउन हू, डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी ती केली आणि २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केली. मध्यभागी १० मायक्रॉन जाडीचे सच्छिद्र पीडीएमएस पटल. त्याच्या एका बाजूला फुप्फुसाच्या वायुकोशातल्या पेशी आणि हवा, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी आणि द्रव. दोन्ही कडेच्या पोकळ्यांतून लयीत हवा ओढली की पटल ताणले जाते, सोडली की पूर्ववत होते. पेशींना श्वासाची हालचाल जाणवते. इथे पटल जाड असते तर दोन्ही बाजूंच्या पेशींना एकमेकींचा सुगावा लागला नसता, आणि कडक असते तर श्वासच झाला नसता. पातळ, मऊ आणि सच्छिद्र या तिन्ही गोष्टी एकाच वेळी का लागतात, हे त्या एका रचनेत स्वच्छ दिसते.

दुसरा मोठा उपयोग रक्तात फिरणाऱ्या कर्करोगाच्या पेशी अडवण्याचा. त्या बहुतेक रक्तपेशींहून मोठ्या आणि कडक असतात. साधारण ८ मायक्रॉनच्या छिद्रातून तांबड्या पेशी वाकून निघून जातात, त्या मात्र वर राहतात.

या पटलाने पिण्याचे पाणी गाळता येईल का?

नाही. जिवाणू साधारण एक मायक्रॉनचे असतात, विषाणू त्याहून कितीतरी लहान. १० मायक्रॉनचे छिद्र त्यांच्यासाठी सताड उघडे दार आहे. पाण्यासाठीची अल्ट्राफिल्ट्रेशन पटले वेगळ्या पद्धतीने, साच्याविना तयार होतात.

साचा कशाचा करायचा?

बहुतेक प्रयोगशाळा सिलिकॉन वेफरवर (सिलिकॉन या मूलद्रव्याच्या पातळ, कडक चकतीवर, रबराच्या नव्हे) एसयू-८ चे खांब उभे करतात. एसयू-८ हे इपॉक्सी जातीचे, प्रकाश पडेल तिथे घट्ट होणारे रसायन, मूळ आयबीएमचे. वेफरवर फिरवून थर द्यायचा, ६५ आणि मग ९५ अंशांवर भाजायचा, मास्कमधून (खांबांची नक्षी छापलेल्या पट्टीतून) ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकायचा, पुन्हा भाजायचा आणि न उजळलेला भाग डेव्हलपर या द्रावात धुऊन काढायचा.

नवख्यांचे साचे तीन ठिकाणी बिघडताना मी पाहिले आहेत.

पहिले ठिकाण, खांबाचा माथा. दिव्यातून ३५० नॅनोमीटरखालचा प्रकाश गाळला नाही तर एसयू-८ तो वरच्या थरातच शोषून घेते, माथा रुंद होतो आणि खांब इंग्रजी ‘टी’ सारखा दिसू लागतो. वरून सूक्ष्मदर्शकाखाली सगळे उत्तम दिसते, कारण वरून माथाच दिसतो. अशा साच्यावरून पटल सोलायला गेलात तर प्रत्येक छिद्र त्या माथ्यात अडकते आणि पटल फाटते. पहिला साचा तयार झाला की तो तिरपा धरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकदा तरी बघाच.

दुसरे, धुणे. डेव्हलपरमधून काढल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाका. दुधाळ पांढरे ओघळ दिसले तर खांबांच्या मधले रसायन अजून निघालेले नाही. पुन्हा डेव्हलपरमध्ये बुडवा. पांढरे दिसेनासे होईपर्यंत पुढची पायरी घेऊ नका.

तिसरे, उंचीचा हव्यास. व्यासाच्या दोन-अडीच पट उंची आरामात साधते. १० मायक्रॉनच्या पटलासाठी २५ मायक्रॉनचा खांब पुरतो. सडपातळ उंच खांब धुताना आडवे होतात किंवा द्रव सुकताना एकमेकांकडे ओढले जाऊन चिकटतात.

मास्कबद्दल एवढेच, की छापील पारदर्शक फिल्मचा मास्क २० मायक्रॉनच्या वर ठीक चालतो, त्याखाली क्रोम मास्कचा खर्च टाळू नका. फिल्मवरच्या वर्तुळांच्या कडा दातेरी असतात आणि तेच दाते पुढे प्रत्येक छिद्रात उतरतात.

थ्रीडी प्रिंटरने साचा छापता येईल का?

१०० ते २०० मायक्रॉनच्या छिद्रांसाठी येईल. साध्या रेझिन प्रिंटरचा एक ठिपकाच ३०-५० मायक्रॉनचा असतो, त्यामुळे १० मायक्रॉनचा खांब त्याच्या आवाक्याबाहेर आहे. आणखी एक अडचण म्हणजे ताज्या छापलेल्या रेझिनमधून निघणारी रसायने पीडीएमएसला घट्ट होऊ देत नाहीत. साचा नीट धुऊन, अतिनील प्रकाशात आणि मग ओव्हनमध्ये भरपूर वेळ ठेवूनच वापरा.

पटल साच्याला चिकटून बसते, सोलताना फाटते. काय चुकते आहे?

मोदकाच्या साच्याला तुपाचे बोट लावले नाही की पारी साच्यातच राहते. इथे तुपाच्या जागी फ्लोरिनयुक्त सिलेन. साच्यावर थोडा वेळ ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेने आयनित केलेला ऑक्सिजन) द्या, मग डेसिकेटरमध्ये (आतली हवा काढता येणाऱ्या बंद भांड्यात) साच्याशेजारी बशीत सिलेनचे एक-दोन थेंब ठेवून हवा काढा आणि अर्धा ते एक तास वाफ लागू द्या. पाचव्या थेंबाने काही अधिक निसटत नाही, उलट साच्यावर धुरकट कण बसतात. ही वाफ दमट हवेत हायड्रोक्लोरिक आम्ल सोडते, म्हणून सगळे फ्यूम हूडमध्येच (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात) करा.

एक सूचना फार कमी ठिकाणी लिहिलेली असते: सिलेनचा डेसिकेटर वेगळा ठेवा. त्याच डेसिकेटरमध्ये पीडीएमएसचे बुडबुडे काढलेत तर भिंतींवर राहिलेले सिलेन पीडीएमएसवर बसते, आणि पुढे ते पटल चिपला जोडताना काही केल्या जुळत नाही. दोष मग प्लाझ्मा यंत्राला दिला जातो.

१० मायक्रॉन जाडीसाठी किती वेगाने फिरवू?

नेहमीचे सिलगार्ड १८४ (बाजारात दोन भागांत मिळणारे पीडीएमएस), म्हणजे मूळ रबर आणि ते घट्ट करणारे रसायन, दहास एक प्रमाणात मिसळले, पातळ केले नाही आणि सपाट वेफरवर मिनिटाला ३००० फेऱ्यांनी ५ मिनिटे फिरवले, तर जाडी ९ ते १० मायक्रॉनच्या आसपास येते. दीर्घकाळ फिरवताना जाडी वेगाच्या व्यस्त प्रमाणात आणि वेळेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे वेग दुप्पट केला की जाडी निम्मी, पण निम्मी जाडी वेळेतून हवी असेल तर वेळ चौपट करावा लागतो.

हा हिशोब सपाट वेफरचा आहे. खांबांचे रान मध्ये आले की रबर अडते, खांबाला धरून वर चढते आणि थर थोडा जाड राहतो. शिवाय मिसळल्यापासून रबर दाट होत जाते. सकाळी मिसळलेले दुपारी वापरले तर तोच वेग वेगळी जाडी देईल. म्हणून आपल्या साच्यावर एकदा प्रत्यक्ष जाडी मोजा. पटलाची कड ब्लेडने कापून उभी धरली की साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही मोजता येते.

खांब थरापेक्षा उंच आहेत, तरी छिद्रे बंद का?

कारण फिरवताना रबर खांबांच्या माथ्यांवरूनही वाहते आणि जाताना तिथे पापुद्रा सोडते. दुधावरच्या सायीपेक्षाही पातळ, मायक्रॉनहूनही कमी. पारदर्शक असल्याने तो दिसत नाही. या एका पापुद्र्यापायी जितकी पटले वाया जातात तितकी बाकी सगळ्या चुका मिळूनही जात नसावीत.

त्यावर मी तीन उपाय वापरले आहेत.

दाबून घेणे. थर दिल्यावर, घट्ट होण्याआधी, वर सपाट पारदर्शक पॉलिएस्टर शीट ठेवायची, त्यावर मऊ रबराची जाड वडी, त्यावर काच आणि काचेवर वजन. शीट माथ्यांवर टेकते आणि मधले रबर बाजूला सरकते. मऊ वडी विसरू नका. काच आणि वेफर कधीच पूर्ण समांतर नसतात, वडी तो फरक पोटात घेते. एका कोपऱ्यातली छिद्रे उघडी आणि समोरच्या कोपऱ्यातली बंद आली, तर वडी पातळ आहे किंवा वजन मध्यावर नाही असे समजा. शीट ठेवताना एका कडेकडून हळूहळू टेकवा. एकदम आडवी ठेवलीत तर खाली हवा अडकते आणि तिथे नाण्याएवढी पोकळी राहते.

वाऱ्याने उडवणे. फिरवून झाल्यावर नायट्रोजनचा झोत वरून फिरवायचा. मोठ्या, विरळ खांबांवर चालते, दाट रचनेत थर वेडावाकडा होतो. मला हा उपाय फारसा भरवशाचा वाटत नाही.

कोरून काढणे. घट्ट झाल्यावर प्लाझ्माने वरचा पापुद्रा खायचा. इथे नुसता ऑक्सिजन उपयोगाचा नाही. त्याने पीडीएमएसवर काचेसारखे कवच येते आणि कोरणे थांबते. कार्बन टेट्राफ्लोराइडसारखा फ्लोरिनयुक्त वायू ऑक्सिजनबरोबर लागतो. यंत्र हाताशी असेल तर हा सर्वांत खात्रीचा मार्ग, फक्त पटलाचा पृष्ठभागही थोडा खडबडीत होतो.

छिद्रे खरोखर आरपार आहेत हे कसे ओळखायचे?

आधी माझा अनुभव सांगतो. शिकत असताना मी जवळपास तीन आठवडे चांगली पटले फेकून देत होतो. पटल चौकटीवर ताणायचे, वर पाण्याचा थेंब ठेवायचा, खाली काही उतरत नाही हे पाहायचे आणि वहीत ‘बंद’ लिहायचे. एका दुपारी पाण्याची बाटली रिकामी होती म्हणून शेजारच्या बाटलीतून आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकले. थेंब टेकताक्षणी खालचा टिपकागद चौकोनी आकारात ओला झाला. पटल पहिल्यापासून उघडे होते.

कारण साधे आहे. पीडीएमएस पाण्याला जवळ करत नाही, स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) ११० अंशांच्या आसपास असतो. १० मायक्रॉनच्या छिद्रात पाणी घुसवायला सुमारे १० किलोपास्कल दाब लागतो, म्हणजे जवळपास एक मीटर उंच पाण्याचा स्तंभ. एका थेंबाचा दाब त्यापुढे काहीच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. पटल आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवा, सुकू न देता ते पाण्याने बदला, आणि मग एक मायक्रॉनच्या चमकणाऱ्या मण्यांचे पाणी वर घाला. मणी खाली पोहोचले तर छिद्र आरपार आहे. पापुद्रा असेल तर मणी वरच अडतील. साध्या सूक्ष्मदर्शकाच्या चित्रावर विसंबू नका. उघडे छिद्र आणि पारदर्शक पापुद्र्याने झाकलेले छिद्र त्यात सारखेच गोल दिसते. सोन्याचा मुलामा देऊन तिरपे ठेवलेले पटल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर फरक कळतो. आणि एकाच ठिकाणी पाहून थांबू नका, चारही कोपरे आणि मध्य पाहा.

सोलल्यावर पटलाची गुंडाळी होते आणि ती उलगडत नाही.

१० मायक्रॉनचे पीडीएमएस स्वतःलाच चिकटते. कोरडे, सुटे पटल चिमट्यात धरलेत की संपले. गुंडाळी झालीच असेल तर बशीत आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्यात सोडा, कडा हलक्या हाताने ढकला, बहुतेक वेळा उलगडते.

खरा उपाय मात्र पटल कधीच सुटे न करण्याचा आहे. साच्यावर असतानाच पटलाला आणि ज्या चिपवर ते बसवायचे त्या जाड तुकड्याला ऑक्सिजन प्लाझ्मा द्या, एकमेकांवर टेकवा, थोडे गरम करा. जोड पक्का झाला की जाड तुकडा उचला. पटल त्याच्यासोबत येते. चिप नको असेल तर पीडीएमएसचीच जाड चौकट याच रीतीने जोडून घ्या.

पीडीएमएस घट्टच झाले नाही, वरून चिकट राहिले.

हातमोजे पाहा. लॅटेक्सच्या मोज्यांतले गंधक पीडीएमएसमधल्या प्लॅटिनम उत्प्रेरकाला निकामी करते. अमाइन आणि कथिलाची संयुगेही तेच करतात. नायट्राइलचे मोजे वापरा. मोजे ठीक असतील तर वजनाचे प्रमाण आणि ढवळणे तपासा. तापमानाचे गणित सोपे आहे: १०० अंशांवर ३५ मिनिटे, १२५ वर २०, १५० वर १०. गरम करून घट्ट केलेले पीडीएमएस थंड होताना एक-दोन टक्के आकसते. दोन थरांतल्या खुणा जुळवायच्या असतील तर मास्क आखतानाच ते धरा.

पीडीएमएसशिवाय दुसरे पॉलिमर चालेल?

चालेल, आणि काही कामांना दुसरेच हवे. पीडीएमएस लहान, पाण्याला दूर ठेवणारे रेणू स्वतःत शोषून घेते. औषधाची मात्रा मोजण्याच्या प्रयोगात हा गंभीर दोष आहे, कारण पेशींना दिलेले औषध पटलात मुरते.

कडक पॉलिमरसाठी मला सर्वांत देखणी वाटते ती नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातली रीत. लॉरा व्होगेलार, मॅथियास वेसलिंग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ती मांडली. पॉलिमर द्रावकात विरघळवून खांबांच्या साच्यावर पसरायचे आणि साचा पाण्यात बुडवायचा. द्रावक पाण्यात निघून जातो, पॉलिमर घट्ट होते आणि आकसते. जाडी घटली की खांब आपोआप वर डोकावतात. शिवाय पॉलिमरच्या अंगातही बारीक रंध्रे राहू शकतात, म्हणजे एकाच पटलात साच्याने दिलेली मोठी छिद्रे आणि प्रक्रियेने दिलेली सूक्ष्म रंध्रे. अडचण आडव्या आकसण्याची: पॉलिमर खांबांना आवळून बसते. यात बरेचदा वापरले जाणारे एनएमपी हे द्रावक प्रजननक्षमतेला घातक आहे आणि युरोपीय संघात त्यावर निर्बंध आहेत. गर्भवती सहकारी असेल तर त्या बाकावर हे काम करू नका.

आमच्या कॉलेजात क्लीनरूम (धूळ गाळलेल्या हवेची खोली) नाही. मग?

क्लीनरूम फक्त साच्यासाठी लागते, तीही एकदाच. मुंबईची आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था इथल्या सुविधा भारतीय नॅनोइलेक्ट्रॉनिक्स वापरकर्ता कार्यक्रमातून बाहेरच्या संशोधकांना वापरता येतात, प्रशिक्षणही मिळते. अर्ज करताना खांबाचा व्यास, अंतर, उंची आणि एकूण क्षेत्र एवढे चार आकडे पक्के लिहा. ‘सच्छिद्र पटल करायचे आहे’ एवढ्यावर कोणी तुम्हाला मदत करू शकत नाही. पुढचे काम स्पिन कोटर, ओव्हन, डेसिकेटर आणि लहान प्लाझ्मा यंत्र यांवर स्वच्छ खोलीत होते. धूळ मात्र खरी शत्रू आहे. पंख्याखाली थर देऊ नका.

एक साचा किती पटले देतो?

सिलेन नीट बसले असेल तर डझनावारी. आधी सोलायला जड जाऊ लागते, मग एखादा खांब पटलाबरोबर उपटून येतो. तो पटलात अडकून दिसला की त्या दिवशी थांबा, साचा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा आणि सिलेन पुन्हा द्या. मूळ वेफर रोज वापरण्यापेक्षा त्याची नक्कल करून ठेवणे शहाणपणाचे: वेफरवर जाड पीडीएमएस ओतले की खळग्यांचा उलटा साचा मिळतो, त्याला सिलेन देऊन त्यात इपॉक्सी ओतले की पुन्हा खांब. नकलेवर तारीख आणि मूळ वेफरचा क्रमांक कोरून ठेवा, कारण सहा महिन्यांनी सगळ्या नकला सारख्याच दिसतात.